बोकताय: खऱ्या उन्हावर भरणारी बंदूक

[दृश्य: काळ्या कापडावर पारदर्शक कॅसेट. कॅमेरा वरच्या टोकाकडे सरकतो.]

गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलवरच्या ‘बोकताय’ खेळाची ही कॅसेट नेहमीच्या कॅसेटपेक्षा थोडी उंच आहे. खाचेत पूर्ण बसवली तरी टोक बाहेर राहतं. त्या टोकात पारदर्शक प्लास्टिकच्या आड एक फोटोडायोड, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर, आहे. तो सूर्याकडे बघतो, आणि त्याला जितकं ऊन दिसेल तितकीच ताकद खेळातल्या नायकाला मिळते.

कोनामीने हा खेळ १७ जुलै २००३ रोजी जपानमध्ये आणला, ‘बोकुरा नो ताइयो’ या नावाने. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो अमेरिकेत ‘बोकताय: द सन इज इन युअर हँड’ म्हणून आला. निर्माते हिदेओ कोजिमा, दिग्दर्शक इकुया नाकामुरा. ‘मेटल गिअर’ या लपतछपत खेळायच्या मालिकेमुळे कोजिमांचं नाव तेव्हा जगभर झालं होतं, तरी हा खेळ बाजूला पडला. हातातला कन्सोल बहुतेक लोक रात्री अंथरुणात किंवा प्रवासात काढतात. हा खेळ मात्र दुपारी बाहेर बोलावतो. त्याची ही अट मान्य केली, तर गेम बॉय ॲडव्हान्सवर याच्याइतका वेगळा रोल-प्लेइंग खेळ सापडणं कठीण आहे.

कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. व्हॅम्पायरांच्या शिकाऱ्याचा मुलगा जँगो, सोबतीला सूर्यफुलासारखा दिसणारा ओतेन्को, आणि मृतांनी व्यापलेलं इस्त्राकान शहर. जँगोच्या हातात ‘गन देल सोल’. हिचे चार भाग बदलता येतात: भिंग, फ्रेम, बॅटरी आणि ग्रेनेड. भिंग बदललं की माऱ्याचा गुण बदलतो, फ्रेम बदलली की माऱ्याची तऱ्हा बदलते, आणि बॅटरीवर ठरतं किती ऊर्जा साठणार.

[दृश्य: पडद्यावरचा ऊन-गेज. आठ खण, एकेक उजळत जातो.]

प्रत्येक गोळीला बॅटरी उतरते. ती भरायची तर जँगो उघड्या आभाळाखाली हवा, किंवा तळघराच्या छतात झरोका असेल तिथे. आणि त्याच वेळी तुमच्या हातातल्या कॅसेटवर खरं ऊन पडायला हवं. गेजला आठ खण आहेत. जितके खण उजळले तितकी बॅटरी लवकर भरते. साठवून ठेवलेली ऊर्जा खेळातल्या सोलर स्टेशनवर परत घेता येते, त्यामुळे संध्याकाळी खेळणाऱ्याचं अगदीच अडत नाही. पण ती पुंजी दिवसा जमवलेली असावी लागते.

ऊर्जा अशी मोजूनमापून मिळत असल्यामुळे खेळण्याची पद्धतच बदलते. समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटलात तर अर्ध्या वाटेत बंदूक रिकामी होते. त्यापेक्षा भिंतीला चिकटायचं, टकटक करून पहारेकऱ्याला दुसऱ्या बाजूला बोलवायचं आणि मागून मारा करायचा. पाठीत गोळी बसली की शत्रू काही क्षण सुन्न होतो. तेवढ्यात काम उरकायचं किंवा सरळ पुढे निघून जायचं. ‘मेटल गिअर’ खेळलेल्यांना ही चाल लगेच ओळखू येईल.

खेळाचं खरं सामर्थ्य मात्र मोठ्या शत्रूला हरवल्यानंतर दिसतं. व्हॅम्पायर हरतो, पण मरत नाही. त्याला शवपेटीत बंद करून, साखळीने ओढत, सगळ्या तळघरातून बाहेर आणायचं असतं. पेटी मध्येच हिसके देते, जँगो अडखळतो, आणि वाटेत शत्रू असतातच. बाहेर अंगणात ‘पाइलड्रायव्हर’ मांडलेला असतो: मधोमध पेटीची जागा, भोवती चार जनरेटर. पेटी मध्ये ठेवून यंत्र चालू केलं की चारही बाजूंनी सूर्यप्रकाश तिच्यावर एकवटतो. आतला व्हॅम्पायर उसळून उलट हल्ला करतो, जनरेटर बंद पाडायला बघतो. बंद पडलेला जनरेटर पुन्हा सुरू करत, हल्ले चुकवत तुम्ही धावत राहता. या वेळी गेजवर दोनच खण असतील तर शुद्धीकरण रेंगाळतं आणि सगळे हल्ले तुम्हाला सोसावे लागतात. ऊन कडक असेल तर काम भराभर आटपतं. म्हणून पेटी बाहेर काढण्याआधी खिडकीतून आभाळ बघा. ढग असतील तर खेळ सेव्ह करून थांबलेलं बरं.

[दृश्य: उघडलेल्या कॅसेटचा सर्किट बोर्ड, जवळून.]

आता सेन्सर आतून कसा चालतो ते पाहू. कॅसेटमध्ये एक काउंटर आहे. कन्सोल त्याला एकेक ठोका देतो. प्रत्येक ठोक्याला आकडा एकाने वाढतो आणि त्याप्रमाणे व्होल्टेज एक पायरी चढतं. ते फोटोडायोडच्या व्होल्टेजपर्यंत पोचलं की कन्सोलला खूण मिळते आणि त्या क्षणीचा आकडा वाचला जातो. आकडा लहान म्हणजे ऊन जास्त. अंधारात हा आकडा २३२ च्या आसपास असतो. तो ८० ते ९५ पर्यंत उतरला की गेज पूर्ण भरतो. प्रत्येक डायोड तंतोतंत सारखा नसतो, तेव्हा थोडं मागेपुढे होणार. पावसाळी दिवसाचा उजेड मात्र या सेन्सरच्या लेखी अंधारच. आपल्याकडे जुलैमध्ये कोकणात बसून गेज हलत नसेल, तर कॅसेट बिघडलीय असं लगेच समजू नका.

दिव्याने फसवता येतं का? एलईडी दिव्याला सेन्सर दाद देत नाही. १०० वॅटचा तारेचा बल्ब एक-दोन सेंटिमीटरवर धरला तर आकडा २०८ ते २२३ च्या घरात येतो. म्हणजे सेन्सर जागा होतो, पण भर उन्हाची सर नाही. शिवाय इतक्या जवळ धरलेल्या बल्बने कॅसेटचं प्लास्टिक मऊ पडू शकतं. हा सेन्सर अतिनील किरणांचा म्हणून ओळखला जातो. पण तारेच्या बल्बातून अतिनील अगदी नगण्य निघतं, तरी तो चालतो. त्यामुळे नुसतं अतिनील हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं.

[दृश्य: तीन कन्सोल शेजारी शेजारी, प्रत्येकात हीच कॅसेट.]

कोणत्या कन्सोलवर खेळता याने बराच फरक पडतो. मूळ गेम बॉय ॲडव्हान्समध्ये कॅसेट वरच्या बाजूने जाते, त्यामुळे सेन्सर मोकळा राहतो. त्यानंतरच्या गेम बॉय ॲडव्हान्स एसपी आणि निन्टेन्डो डीएस या कन्सोलमध्ये खाच खालच्या कडेला, खेळणाऱ्याच्या पोटाकडे असते. सूर्य पाठीमागे घेऊन बसलात तर तुमचीच सावली सेन्सरवर पडते. सूर्य बाजूला घ्या, खालच्या कडेवर ऊन येऊ द्या. पडद्याचंही तसंच. मूळ कन्सोलचा पडदा मागून उजळणारा नाही. घरात तो अंधुक दिसतो आणि उन्हात छान वाचता येतो. नवे बॅकलिट पडदे बसवलेले कन्सोल घरात झकास, पण भर उन्हात फिके पडतात. या एका खेळासाठी जुना पडदाच घ्या. आणि एलसीडी फार तापला की काळवंडतो, तेव्हा मे महिन्यात कन्सोल उन्हात ठेवून उठू नका. बॅटरी भरायला आणि शुद्धीकरणाला ऊन घ्या, बाकीचा खेळ सावलीत.

कॅसेटमध्ये घड्याळही आहे. सुरुवातीला विचारलेली तारीख आणि वेळ खरी भरा, कारण खेळातले दिवस-रात्र त्यावर चालतात. घड्याळाचा बटण-सेल आता बहुतेक कॅसेटमध्ये संपलेला किंवा संपत आलेला असणार. सेल गेला तरी सेव्ह जात नाही, कारण सेव्ह ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज नसतानाही माहिती टिकवणाऱ्या चिपमध्ये, असतो आणि त्याला सेलची गरज नसते. बदलायचा असेल तर तीन पात्यांचा ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर लागतो. जुन्या सेलवरचा नंबर वाचा आणि त्याच नंबरचा, आधीच टॅब (जोडणीच्या धातूच्या पट्ट्या) जोडलेला सेल आणा. सोल्डरिंग आयर्न थेट सेलवर टेकवू नका, तापलेला सेल फुटू शकतो. जुना सेल काढण्याआधीच धन-ऋण बाजूंचा फोटो काढून ठेवा.

मूळ कॅसेट नसेल तर एमजीबीए या एम्युलेटरच्या (कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत सोलर सेन्सरची पातळी हाताने कमी-जास्त करता येते. फ्लॅश कार्टमध्ये, म्हणजे खेळाची फाइल भरून वापरायच्या कॅसेटमध्ये, सेन्सर नसतो, तिथे सेन्सरशिवाय चालेल अशी पॅच केलेली (बदललेली) फाइल लागते. खेळ समजून घ्यायला हे पुरेसं आहे. पण एम्युलेटरवरही बाहेर जितकं ऊन असेल तितकीच पातळी ठेवून बघा. सतत पूर्ण गेज ठेवलात तर लपून खेळण्याचं कारणच उरत नाही आणि निम्मा खेळ हातचा जातो.

जुनी कॅसेट विकत घेताना आधी उंची बघा. नेहमीच्या कॅसेटएवढी असेल तर सेन्सर नाही. मग खेळ सुरू करून जँगोला मोकळ्या जागी उभं करा, ऊन दाखवा आणि टोकावर अंगठा ठेवा. गेज पडला पाहिजे, अंगठा काढल्यावर चढला पाहिजे.

दुसरा भाग २००४ मध्ये आला, त्यात गेजचे खण दहा झाले. तिसरा २००५ मध्ये फक्त जपानमध्ये निघाला. चाहत्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आहे, आणि गेम बॉय ॲडव्हान्सला प्रदेशबंदी नसल्याने मूळ जपानी कॅसेटही कुठल्याही कन्सोलवर चालते. डीएसवरच्या चौथ्या खेळाच्या स्वतःच्या कॅसेटमध्ये सेन्सर नव्हता. तिथे ऊन-पाऊस खेळाच्या आतच बनवले गेले.