कूलरखालचा राजा

(नागपूरच्या महाल भागातली गल्ली, दुपार. घरात कूलरची घरघर.)

मे महिना. पारा 45च्या वर. घरातली सगळ्यात गार जागा कूलरच्या स्टँडखालची, जिथे गळक्या टाकीमुळे फरशी ओलीच असते. गल्लीतून घरात आणलेल्या राजा नावाच्या कुत्र्यानं ती पहिल्याच दिवशी हेरली.

नवव्या दिवशी आजी बादली घेऊन पाणी भरायला वाकल्या. खालून आवाज आला : गुर्रर्र.

"आमच्याच घरचं खाते अन् आमच्यावरच गुरगुरते!" आजींचा हात झाडूकडे गेला.

(तेच दृश्य, संथ गतीत.)

गुरगुरण्याच्या आधी बघा. शेपूट थांबलं. अंग ताठ. जीभ एकदा नाकावरून फिरली. मान वळलेली, पण डोळे आजींवर, इतके तिरपे की पांढरं दिसावं. एवढं सांगूनही कोणी ऐकेना, तेव्हा तो गुरगुरला.

झाडू बसला असता तर आवाज बंद झाला असता, भीती नाही. मग पुढच्या खेपेला थेट दात. लोक म्हणतात, "काही कारण नसताना चावला." कारण असतंच, गुरगुरायची सोय आपणच काढून घेतलेली असते.

"आजी, राहू दे." नातवानं त्यांना मागे घेतलं आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा खोलीच्या दुसऱ्या टोकाला टाकला. राजा उठून तिकडे गेला. पाणी भरून झालं. मग रोज हाच क्रम.

कानाला हात लावला तरी तो गुरगुरायचा. सेमिनरी हिल्सला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं, तर कानात गोचीड. अर्धा राग तिथे चिमट्यानं निघाला! रेबीजची लसही तेव्हाच टोचून घेतली.

तो जेवताना किंवा झोपलेला असताना त्याला कोणी शिवत नाही. चार वर्षांच्या नातीला त्याच्याजवळ एकटं सोडत नाहीत.

आणि दात लागलाच तर? हळद नाही, तिखट नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी मेडिकल नाहीतर मेयो, यातलं एक सरकारी रुग्णालय गाठायचं. कुत्रा घरचा असला तरी. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लशीचा उपयोग त्याआधीच.

(तीन आठवड्यांनंतर. बादलीची कडी वाजते.)

राजा आपणहून उठतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. आजी पदराआडून चिकनचा तुकडा काढतात.

"घे रे बाबू. अन् दूरच बस जरासा, पाणी सांडते."