नायगाऱ्याच्या अलीकडे बफेलो

नायगाऱ्याला निघालेली मंडळी बफेलोत थांबली तर पेट्रोलपुरती थांबतात. धबधबा अर्ध्या तासावर आलेला असतो, मग कोण थांबणार? माझा आग्रह आहे, दोन-तीन तास काढा आणि आधी बफेलो नदीच्या काठाला जा. तिथे काँक्रीटची प्रचंड धान्यकोठारं ओळीने उभी आहेत. बरीचशी रिकामी. नुसती पडझड बघून फिरू नका. गहू यायचा कुठून आणि जायचा कुठे, एवढं विचारा. शहर आपोआप उलगडत जातं.

1825 साली बफेलोपासून हडसन नदीपर्यंतचा ईरी कालवा पुरा झाला आणि अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या मुलखातल्या गव्हाला न्यूयॉर्कपर्यंत पाण्याची वाट मिळाली. मोठ्या जहाजातला माल काढून कालव्यातल्या होड्यांत भरायचा, हा बफेलोचा धंदा. सुरुवातीला हे सगळं मजुरांच्या पाठीवरून चाले. 1842 मध्ये जोसेफ डार्टने वाफेच्या बळावर चालणारं कोठार उभारलं. पट्ट्याला डबे जोडलेले आणि तो पट्टा थेट जहाजाच्या पोटात सोडलेला. आपलं रहाटगाडगंच, फक्त पाण्याऐवजी गहू उपसणारं. तरी कोपऱ्यातलं धान्य डब्यांपर्यंत ओढायला माणसं लागतच. मोठाली फावडी घेऊन जहाजात उतरणारे हे कामगार, त्यातले कितीतरी आयरिश, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत काम करत होते. कोठारांसमोर उभं राहिलं की मला आधी ते आठवतात.

धान्याची धूळ ठिणगीने भडकते, लाकडी कोठारं जळून जायची. म्हणून काँक्रीट आलं. भिंतीच्या अगदी जवळ जा. साचा इंच-इंच वर सरकवत अखंड ओतकाम केल्याच्या खुणा अंगावर दिसतात. अमेरिकेतल्या अशाच कोठारांचे फोटो पाहून ग्रोपियस आणि ल कोर्ब्युझिये हे युरोपातले आधुनिक वास्तुकार भारावले होते.

1959 मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला. जहाजं थेट समुद्राकडे जाऊ लागली, बफेलोत माल उतरवायचं कारण उरलं नाही. पुढे 1980च्या दशकात शेजारच्या लॅकवानातलं पोलाद थंडावलं. लोक उपनगरांतही गेले. 1950 मध्ये 5 लाख 80 हजार असलेली वस्ती 2020 मध्ये 2 लाख 78 हजारांवर आली.

पण हे शहर मेलेलं नाही, हे मी ठासून सांगेन. जनरल मिल्सचा कारखाना चालू आहे. तिथे चिरिओज हे ओटचं न्याहारीचं खाणं बनतं आणि वारा तसा असला तर भाजलेल्या ओटचा वास मध्यवस्तीपर्यंत येतो. सिलो सिटी या जुन्या कोठारांच्या आवारात कवितावाचनं होतात, कोठारं दाखवणाऱ्या फेऱ्या निघतात. आत जायचं तर अशा फेरीबरोबरच जा. एकट्याने घुसू नका, खाली उघडी भोकं असतात. वेळ उरलाच तर गावात वास्तुकार लुई सलिव्हनची 1896ची गॅरंटी बिल्डिंग बघा. भाजलेल्या मातीचं नक्षीकाम तळापासून माथ्यापर्यंत आहे, तेव्हा रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा.