डिस्क घरी परतली

(दृश्य : बंद दार. कार्ड लावताच खटका उघडतो. गार हवेचा झोत, पंख्यांची एकसुरी घरघर. कॅमेरा रॅकच्या समोर न थांबता मागे वळतो.)

सर्व्हर रूमचा पुढचा भाग पाहुण्यांसाठी असतो. जाळीचं दार, लुकलुकणारे हिरवे दिवे, सगळं एका ओळीत. मागच्या बाजूला कुणी पाहुण्याला नेत नाही. आपण आज मागूनच आत शिरू.

ही नारंगी केबल बघा. आत केसाएवढी काच आहे, आणि तिच्यातून प्रकाश जातो. हिच्यावरून जे बोलणं चालतं त्याला फायबर चॅनल म्हणतात. प्रत्येक सर्व्हरच्या पाठीतून अशा दोन निघतात, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्या दोन वेगळ्या स्विचमध्ये जातात, आणि तिथून खालच्या या जाडजूड कपाटात. केबलला टॅग आहे, टॅगवर मार्करने काहीतरी लिहिलंय, अर्धं पुसलंय. ज्याने लिहिलं तो नोकरी सोडून गेला.

वरच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर आहेत, मेमरी आहे. पण कंपनीचा डेटा म्हणाल तर त्यात काहीच नाही. पगार, ऑर्डरी, जीएसटीचे हिशेब, सगळं खालच्या कपाटात, म्हणजे स्टोरेजमध्ये. सर्व्हर, मधलं नेटवर्क आणि स्टोरेज अशी ही तीन मजली मांडणी. थ्री-टिअर म्हणतात ती हीच. मधल्या नेटवर्कला नाव सॅन, म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क.

आता रात्रीची गोष्ट सांगतो. मी स्वतः ॲडमिन होतो तेव्हाची. महिनाअखेर होती, डेटाबेस रांगत होता. सर्व्हरवाल्यांना फोन केला, ते म्हणाले सर्व्हर ठणठणीत आहे. स्विचवाले म्हणाले आमच्याकडे एकही एरर नाही. स्टोरेजवाल्यांनी लॉग मागवले, पाहिले आणि म्हणाले, सर्व्हरवाल्यांशी बोला. तीन व्हेंडर, तीन तिकिटं, एक कॉन्फरन्स कॉल, आणि पहाटेपर्यंत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. दोष निघाला तो स्विचमधल्या एका ऑप्टिक मॉड्यूलचा. बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू. ती पूर्ण मेली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. ती अर्धवट जिवंत होती.

हायपरकन्व्हर्ज्ड इन्फ्रास्ट्रक्चर हे लांबलचक नाव ऐकलं की मला आधी ती रात्र आठवते. वेगळं कपाट आणि सॅन काढून टाकून डिस्का पुन्हा सर्व्हरमध्येच आणणारी मांडणी ती. यापुढे आपण एचसीआय म्हणू, सगळे तेच म्हणतात.

(दृश्य : जुन्या टॉवर सर्व्हरचं उघडलेलं झाकण, आत डिस्क.)

डिस्क सर्व्हरच्या बाहेर गेलीच कशाला? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती आतच असायची. एका सर्व्हरची डिस्क भरून वाहतेय, शेजारच्याची अर्धी रिकामी, आणि ही जागा त्याला देता येत नाही. मग १९९४ मध्ये फायबर चॅनलचं प्रमाणक मंजूर झालं आणि डिस्का वेगळ्या कपाटात एकत्र ठेवून सगळ्यांनी वाटून घ्यायची रीत पडली. हुशारीचीच होती ती.

पण ही रीत पक्की केली ती व्हर्च्युअलायझेशनने. एका लोखंडी सर्व्हरवर दहा-वीस आभासी मशिनं चालवायची. व्हीएमवेअर या कंपनीने २००१ मध्ये अशी मशिनं चालवणारं ईएसएक्स आणलं आणि २००३ मध्ये व्ही-मोशन. चालू मशीन न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून न्यायचं. ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांना ती जादूच वाटली. अट एवढीच, की मशिनची डिस्क दोन्ही सर्व्हरना दिसायला हवी. म्हणजे सामायिक स्टोरेज हवं, आणि मोठ्या कंपन्यांत त्याचा अर्थ बहुतेक वेळा सॅन असाच होता.

आणि सॅन म्हटलं की सरकारी कचेरी. कुणाला थोडी जागा हवी असेल, तर स्टोरेजवाला लन, म्हणजे कपाटातल्या जागेचा एक तुकडा, कापून देणार. नेटवर्कवाला झोनिंग करणार, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणतं कपाट दिसेल ते ठरवणार, त्यासाठी सोळा-सोळा अक्षरांचे पत्ते, एक चुकलं की सर्व्हरला डिस्क दिसतच नाही. मग सर्व्हरवाला रिस्कॅन करणार. काम अर्ध्या तासाचं, पण तीन माणसांच्या टेबलावरून फिरत फिरत आठवडा जायचा.

(दृश्य : संग्रहालयातला रॅक. उघडे मदरबोर्ड, खाली बुचाचे तक्ते.)

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे. तिथे गुगलचा १९९९ चा एक रॅक ठेवलाय. डबे नाहीत, झाकणं नाहीत. एका ट्रेवर चार मदरबोर्ड नुसते पसरलेले, आणि शॉर्ट होऊ नये म्हणून खाली बूच, बाटलीला लावतो तेच. बघून वाटतं, कॉलेजच्या पोरांनी शेवटच्या रात्री प्रोजेक्ट जोडलाय.

स्वस्तातलं सामान मोडणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. २००३ मध्ये त्यांनी गुगल फाइल सिस्टिमवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. फाइलचे ६४ एमबीचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशिनांवर ठेवायच्या, मशीन मेलं तर उरलेल्या प्रतींवरून नवी बनवायची. महागडं कपाट नाही. सांभाळण्याचं काम सगळं सॉफ्टवेअरचं.

त्या फाइल सिस्टिमवर गुगलमध्ये काम केलेल्यांपैकी एक मोहित आरोन. २००९ मध्ये धीरज पांडे, अजित सिंग आणि ते, अशा तिघांनी नुटॅनिक्स काढली. गुगलने सर्च इंजिनासाठी जे केलं, ते कंपनीच्या आभासी मशिनांसाठी करायचं. २०११ मध्ये त्यांचा डबा बाजारात आला. उंची जेमतेम नऊ सेंटिमीटर, आत चार स्वतंत्र सर्व्हर, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या स्वतःच्या डिस्का.

त्याच २००९ मध्ये सिस्को, ईएमसी आणि व्हीएमवेअर यांनी हात मिळवून तयार रॅक विकायचं ठरवलं. सर्व्हर, स्विच, स्टोरेज, सगळं कारखान्यातच जोडून आलेलं. त्याला कन्व्हर्ज्ड म्हणत. पण आतले तीन मजले तसेच होते, फक्त नारंगी केबली दुसऱ्या कुणीतरी नीट बांधलेल्या. एचसीआयमध्ये मधला मजलाच पाडला. 'हायपर' शब्दात मार्केटिंगचा भाग बराच आहे, पण फरक खरा आहे.

(दृश्य : तीन सर्व्हर. ॲनिमेशन : डेटाचा ठिपका पहिल्या सर्व्हरमध्ये उमटतो, लगेच दुसऱ्यातही.)

चालतं कसं ते पाहू. हे तीन सर्व्हर, यांना नोड म्हणायचं. तिघे मिळून क्लस्टर. पहिल्या नोडवर अकाउंट्सचं मशीन चालतंय आणि त्याने एक व्हाउचर सेव्ह केलं. नोडवरचं स्टोरेज सॉफ्टवेअर ते आपल्या एसएसडीवर लिहितं आणि त्याच क्षणी एक प्रत नेटवर्कवरून दुसऱ्या नोडला पाठवतं. दोन्हीकडून 'लिहिलं' असा निरोप आला, की मगच अकाउंट्सला सांगतं, झालं. तिन्ही नोडांच्या डिस्का मिळून एकच मोठं कोठार दिसतं. त्यामुळे व्ही-मोशनची अटही पुरी होते आणि सॅनही लागत नाही.

(दृश्य : हात. डिस्कच्या खाचेवरचं बटण दाबलं जातं, ट्रे बाहेर येतो.)

हा चाचणीचा क्लस्टर आहे म्हणून हे धाडस. चालू डिस्क ओढली. दिवा पिवळा. पडद्यावर अलर्ट आला. आणि हे मशीन बघा, यावर मुद्दाम व्हिडिओ लावून ठेवलाय. एक फ्रेमसुद्धा अडकली नाही. मागे क्लस्टरचं काम सुरू झालंय. त्या डिस्कवर जे जे होतं त्याची दुसरी प्रत कुठे आहे ते शोधायचं आणि नवी जोडी बनवायची.

आता अख्खा नोड बंद करू. यावर चालणारी मशिनं क्षणभर गेली, आणि दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या नोडवर पुन्हा उठली. 'शून्य डाउनटाइम' असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं. नोड अचानक गेला तर त्यावरची मशिनं रीबूट होतात, हे विकणाऱ्याकडून आधी वदवून घ्यावं.

तीनच नोड का, दोन का नाहीत? सोसायटीची वार्षिक सभा आठवा. कोरम नसेल तर सभा तहकूब. दोनच नोड असले आणि मधली केबल तुटली, तर दोघांनाही वाटणार की समोरचा मेला, आता कारभार माझ्याकडे. दोघे आपापल्या वहीत लिहीत सुटणार, आणि नंतर कुणाची वही खरी हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तीन असले की दोघांचं मत जमतं तीच बाजू चालू राहते, एकटा पडलेला गप्प बसतो. छोट्या शाखेत दोन नोडांवर भागवायचं असेल, तर तिसरीकडे एक हलकंसं मशीन साक्षीदार म्हणून ठेवतात. त्याच्याकडे डेटा नसतो, फक्त मत असतं.

(दृश्य : फळा. खडूने आकडे.)

हिशेब मात्र फळ्यावरच करावा लागतो, कारण कोटेशनमध्ये तो नेमका गाळलेला असतो. तीन नोड, प्रत्येकी २० टीबी. एकूण ६०. पण एक नोड गेल्यावर सगळ्या प्रती उरलेल्या दोघांत पुन्हा मावायला हव्यात, म्हणून एका नोडची जागा रिकामी धरायची. राहिले ४०. प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायची, म्हणजे हातात २०. साठ विकत घेतले, वापरायला वीस. कॉम्प्रेशनने थोडे वाढतील, पण किती ते तुमच्या डेटावर. आधीच दाबलेले स्कॅन आणि सीसीटीव्हीचं फुटेज आणखी दबत नाही. एकाच वेळी दोन बिघाड झेलायचे असतील, तर तीन प्रती आणि किमान पाच नोड.

नेटवर्कवर काटकसर करू नका, हे मी कळकळीने सांगतो. प्रत्येक लिखाण केबलवरून जातंय. १० गिगाबिट ही आज सुरुवात समजा, शक्य तर २५. बंद पडलेल्या नोडवरचे १० टीबी सेकंदाला ५०० एमबीच्या वेगाने पुन्हा बनवायचे, तर साडेपाच तास लागतात. तेवढे तास प्रत्येक गोष्टीची एकच प्रत जिवंत असू शकते.

आणि दोन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून पगाराची फाइल उडवली, तर क्लस्टर दोन्ही प्रती तितक्याच इमानाने उडवतो. रॅन्समवेअरचंही तेच. बॅकअप वेगळा, वेगळ्या जागी.

(दृश्य : करारनाम्याचं पान, त्यावरून सरकणारं बोट.)

गुंतागुंत संपली का? तर नाही. केबलीतून निघून ती सॉफ्टवेअरमध्ये आणि परवान्यात जाऊन बसली. २२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली, आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. आता सबस्क्रिप्शन, तेही प्रोसेसरच्या कोअरवर मोजून, एका प्रोसेसरला किमान १६ कोअर धरून. एचसीआयमध्ये हे जास्त बोचतं. फक्त जागा संपली म्हणून नवा नोड घेतला, तरी त्याच्याबरोबर कोअर येतात आणि कोअरबरोबर बिल. कपाटात नुसती डिस्क वाढवता येत होती, हे सुख तेव्हा आठवतं. नुसत्या साठवणीसाठीचे नोडही मिळतात, पण त्यांची बोलणी खरेदीच्या आधी करायची असतात.

फुकटचा रस्ताही आहे. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात सेज वाइल यांच्या पीएचडीतून सेफ (Ceph) हे स्टोरेज सॉफ्टवेअर जन्मलं, ते आभासी मशिनं चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सबरोबर चालतं. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण रात्री दोनला सेफ कळणारा माणूस लागतो. तो पगारावर असेल तर बिनधास्त घ्या.

मग घ्यायचं कुणी? दहा-वीस ठिकाणी शाखा, प्रत्येकीत छोटा रॅक, आणि आयटीची माणसं मोजून दोन, तिथे एचसीआय शोभतं. सकाळी नऊला शेकडो लोक एकदम लॉगिन करून आभासी डेस्कटॉप चालू करतात, तिथेही. सुरुवातीला ते विकलं गेलं ते याच कामासाठी, कारण त्या नऊच्या गर्दीत कपाटाचा कारभार पाहणारे दोन कंट्रोलर घुसमटायचे. पण एकच अजस्र डेटाबेस, प्रचंड डेटा आणि प्रोसेसरला फारसं काम नाही, अशी स्थिती असेल तर जुनी तीन मजली मांडणी अजून स्वस्त पडू शकते.

(दृश्य : पुणे. संध्याकाळची वाहतूक, ऑफिसच्या काचा.)

या सगळ्याशी पुण्याचा संबंध आहे, आणि तो नुसता गिऱ्हाईक म्हणून नाही. स्टोरेजच्या सॉफ्टवेअरमध्ये हयात घातलेली माणसं या शहरात आहेत. व्हेरिटास या स्टोरेज-बॅकअपच्या कंपनीचं मोठं विकास केंद्र इथे होतं. नुटॅनिक्सचंही ऑफिस इथे आहे. मोहित आरोन यांनी पुढे २०१३ मध्ये कोहेसिटी ही दुसरी कंपनी काढली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये व्हेरिटासचा डेटा-संरक्षणाचा धंदा तिच्यात विलीन झाला. बाणेर-बालेवाडीच्या एखाद्या सोसायटीत कोरमवरून वाद घालणाऱ्यांत क्लस्टरचा कोरम लिहिणारा कुणी बसलेला असेल, तर आश्चर्य नाही.

(दृश्य : पुन्हा तीच सर्व्हर रूम. रॅकमधली मोठी रिकामी जागा, तिच्यावर बसवलेल्या काळ्या पट्ट्या.)

खालचं कपाट गेलं. गरम हवा पुढे फिरू नये म्हणून त्या जागी पट्ट्या लावल्यात. सांगाडा भंगारवाल्याने वजनावर नेला. डिस्का त्याला दिल्या नाहीत. एकेकीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहिला, मग ड्रिल मारलं.

आणि २०२५ च्या मे महिन्यात नुटॅनिक्सने जाहीर केलं, की आता त्यांचं सॉफ्टवेअर प्युअर स्टोरेज या कंपनीच्या वेगळ्या कपाटावरही चालेल. सॅन नको म्हणत जी कंपनी उभी राहिली, तिनेच डिस्कसाठी बाहेरचं दार पुन्हा उघडलं. अर्थात ते कपाट फायबर चॅनलवरून नाही, नेहमीच्या इथरनेट नेटवर्कवरून बोलतं. या नारंगी केबली त्यालाही लागणार नाहीत.

इथल्या ॲडमिनला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, केबलींचं भेंडोळं रबर लावून खणात ठेवलं आणि म्हणाला, "असू दे सर. लागतात कधीतरी."