उशीसारखा पंजा

मांजर घरभर फिरतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही, ते पंजाखालच्या गाद्यांमुळं. आता एका आजारी मांजराच्या पंजाची ही मधली, सगळ्यात मोठी गादी नीट बघा. फुगलीये, जांभळट झालीये, आणि वर बारीक पांढऱ्या रेघांची जाळी उमटलीये. हलकंसं दाबलं तर जुन्या उशीसारखी मऊ, पोकळ लागते, म्हणून या आजाराला पिलो फूट म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत प्लाझ्मा सेल पोडोडर्माटायटिस.

प्लाझ्मा सेल म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, खरंतर राखणीला असलेल्या, पण इथं त्याच गादीत येऊन गर्दी करतात. मूळ कारण अजून सापडलेलं नाही, इम्यून सिस्टिमचा गोंधळ असावा असं मानतात, आणि बऱ्याच मांजरांत एफआयव्हीचं, म्हणजे मांजरांची इम्यून सिस्टिम कमजोर करणाऱ्या व्हायरसचं, इन्फेक्शनही निघतं म्हणून ती टेस्ट करायला सांगतात.

घात होतो तो इथं की कितीतरी मांजरं लंगडतच नाहीत, खातात, खेळतात, आणि पंजा उलटा करून बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मग एक दिवस गादी फुटते, जखम होते आणि फरशीवर रक्ताचे ठसे दिसतात.

साधारणपणे एकापेक्षा जास्त पंजांना सूज असते. एकच पंजा सुजला असेल तर काटा, जखम, गाठ यांचाही विचार करावा लागतो. डॉक्टर सुईनं थोडा नमुना घेतात, तो मायक्रोस्कोपखाली बघतात, गरज वाटली तर बायोप्सी. घरी सुई टोचून पू काढायला जाऊ नका प्लीज, आत पू नसतोच बहुतेक वेळा. आणि माणसांची पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजराचा जीव जातो त्यानं.

औषध बहुतेकदा डॉक्सीसायक्लिन. आहे अँटिबायोटिक, पण इथं ते इम्यून सिस्टिमला शांत करतं म्हणून देतात, आणि फरक दिसायला बरेच आठवडे लागतात, १-२ महिनेसुद्धा, त्यामुळं ८ दिवसांत काही होत नाही म्हणून बंद करू नका. गोळी कोरडी भरवायची नाही, ती अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करते, मागून थोडं पाणी किंवा खाणं द्यायचंच. यानं भागलं नाही तर स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन ही इम्यून सिस्टिम दाबणारी औषधं, आणि अगदीच हट्टी केसमध्ये ऑपरेशन.

उपचारानंतर तोच पंजा असा दिसतो. सूज उतरलीये, गादी थोडी सुरकुतलेली, पण रंग परत आलाय.