दोन्हीचं पाणी कुठल्या नाल्याला मिळतं?

श्रोतेहो, नमस्कार. नागपुरात बसून बेटांवरच्या माशांबद्दल बोलायचं म्हटलं, की लोक हसतात. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. चहूकडे खारं पाणी, मधे बेट, बेटावर डोंगर, डोंगरातून उतरणारा गोडा ओढा, आणि त्या ओढ्यात मासे. रोहू समुद्रात सोडला तर जगत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग ही गोड्या पाण्याची मंडळी बेटावर पोचली कशी?

शास्त्राकडे जाण्याआधी मला साकोलीकडचा एक किस्सा सांगायचाच आहे. आमच्या घरच्यांना तो तोंडपाठ झालाय, पण तुम्ही तावडीत सापडलाय.

माझ्या मावसभावानं धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, वरच्या अंगाला शेततळं खणलं. प्लास्टिक न अंथरता, नुसतं मातीचं. प्लास्टिकच्या तळ्याला मी तळं म्हणतच नाही, ती टाकी झाली. असो. तळ्यात मत्स्यबीज वगैरे कुणी सोडलं नव्हतं. दिवाळीला आम्ही गेलो, तर काठावर बोटाएवढ्या मासोळ्या सुळसुळ पळताहेत!

झालं, घरात वाद पेटला. मावशी म्हणाली, पावसासोबत आभाळातून पडले. शाळेतले गुरुजी आले होते, ते म्हणाले, बदकं येतात ना तलावावर, त्यांच्याबरोबर अंडी आली. मावसभावाचा संशय भलताच. तो म्हणे, शेजाऱ्यानं गुपचूप सोडले, उद्या हिस्सा मागायला येईल. गुरुजींनी तिथल्या तिथे पैज लावली, हरलो तर सगळ्यांना मरळीचं जेवण.

गावात एक ढिवरकाका होते, सगळा जन्म तलावावर गेलेला. त्यांना बोलावलं. त्यांनी मासे पाहिलेच नाहीत. विचारलं, "हे तळं भरलं का पानी कुठं जाते?"

"बांध्यांतून खाली नाल्यात."

"अन् गावतलावाच्या सांडव्याचं?"

"त्याच नाल्यात."

"मंग झालं तं! कोनी सोडले नाही जी, थे आपल्या पायानं आले. आर्द्रात या, दाखवतो."

आम्ही गेलो. रात्रभर पाऊस कोसळत होता, लाइट अर्थातच गेलेली. नाल्याच्या तोंडाशी टॉर्च मारला आणि मी तिथेच थांबले. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी उतरत होतं, घोट्याएवढंही नव्हतं, आणि त्या पाण्याच्या उलट दिशेनं मासे वर चढत होते. गवतातून अंग घासत, धुऱ्यावरून उसळी मारत. पडले की पुन्हा. चढणीचे मासे तुम्ही खाल्ले असतील, पण चढताना पाहा एकदा. काका छत्रीखाली बिडी सांभाळत म्हणाले, "पहिले उतरते, मंग चढते." म्हणजे गावतलावातून सांडव्यानं नाल्यात उतरायचं, आणि नाल्यातून बांध्या चढून शेततळ्यात शिरायचं.

गुरुजींनी जेवण दिलं. मरळ मात्र सावजी रश्श्यात बुडवली होती. नागपूरकर रागावतील, पण सावजी मसाल्यात मरळ काय अन् बटाटा काय, जिभेला सारखंच. मरळीला लसूण, हळद, तिखट पुरे.

तर आता बेटांकडे. काकांचा प्रश्न लक्षात ठेवा: दोन्हीचं पाणी कुठल्या नाल्याला मिळतं? सुमात्रा, जावा, बोर्निओ ही आज वेगवेगळी बेटं आहेत. पण सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. मधला उथळ समुद्र तेव्हा कोरडी जमीन होता, आणि या बेटांवरच्या नद्या त्या जमिनीवर एकमेकींना मिळत होत्या. तो नाला आता समुद्राखाली बुडालाय. म्हणून पश्चिम बोर्निओ आणि पूर्व सुमात्राच्या नद्यांत आजही कितीतरी मासे सारखे सापडतात.

बोर्निओच्या शेजारच्या सुलावेसीकडे मात्र असा नाला कधी नव्हता, कारण मधली सामुद्रधुनी फार खोल आहे. तिथे रोहू-कतल्याच्या कुळातला एकही मूळचा मासा नाही. १८५४ ते १८६२ या काळात आल्फ्रेड रसेल वॉलेस हा ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ याच बेटांवरून फिरत होता. प्राणी-पक्ष्यांत त्याला जी सीमा दिसली, तीच ही. सुलावेसीत गेले ते खारं पाणी सोसू शकणाऱ्या माशांचे वंशज.

हवाई बेटं तर कधीच कुणाला जोडलेली नव्हती. तिथल्या ओढ्यांत मूळचे मासे फक्त पाच जातींचे, गोबी नावाचे छोटे मासे आणि त्यांचे भाईबंद. यांची पिल्लं ओढ्यात जन्मतात, वाहत समुद्रात जातात, काही महिने तिथे काढतात आणि परत ओढ्यात शिरतात. पहिले उतरते, मंग चढते! चढतात तरी किती? आकाका धबधबा १३५ मीटर उंच आहे आणि त्याच्याही वर यांतली एक जात सापडते. पोटाखालचे पर जुळून चोषक झालेला असतो, त्यानं ओल्या खडकाला चिकटत जातात.

गुरुजीही अगदीच हरले म्हणता येणार नाही. २०२० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्प माशांची, म्हणजे रोहू-कतल्याच्याच कुळातल्या माशांची, अंडी खाऊ घातली, तेव्हा हजारात दोनच्या आसपास अंडी विष्ठेतून शाबूत बाहेर आली आणि काहींतून पिल्लंही निघाली.

आता एक गोष्ट, आणि ती मी दोनदा सांगणार आहे. जो मासा समुद्रातून ये-जा करतो, तो या बेटाचा त्या बेटात मिसळत राहतो, म्हणून फारसा फुटून वेगळा होत नाही. जो तळ्यात कोंडला जातो, तो बदलतो. पुन्हा सांगते, ये-जा असेल तर जात एकच राहते, कोंडला गेला तर जाती फुटतात. फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर लानाओ नावाचं तळं आहे. तिथे एका साध्या पूर्वजापासून कार्पच्या कुळातल्या दीड डझनाच्या आसपास जाती झाल्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या. मग माणसानं आणलेले शिकारी मासे त्या तळ्यात शिरले, वर बेसुमार मासेमारी झाली. लानाओ आणि त्यातून निघणाऱ्या नदीपुरत्याच असलेल्या १७ जातींपैकी १५ नामशेष झाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. उरलेल्या दोन बहुधा त्याच वाटेनं गेल्या असाव्यात.

वेळ झाली. नमस्कार.