तळघरातली तालीम

मंडळी, अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याला १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आठवतो, मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. मी आज तुम्हाला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरातल्या एका चर्चच्या तळघरात नेणार आहे. तिथली वाट आपल्या नागपुरावरून जाते.

जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय तरुण. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंगात गेले. सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले, तीन वर्षं राहिले, मुलांना खेळ शिकवले आणि गांधींचा सत्याग्रह मुळातून समजून घेतला. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांनी रंगभेद पाळणाऱ्या शहर-बसगाड्यांवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी इथल्याच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर किंग भेटले आणि त्यांनी गळच घातली: थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या.

नॅशव्हिलच्या दुकानांत कृष्णवर्णीयांनी वह्या घ्याव्यात, कपडे घ्यावेत. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसायचं नाही! लॉसन यांनी कॉलेजच्या मुलामुलींना चर्चच्या तळघरात जमवलं आणि चक्क तालीम सुरू केली. खुर्च्या मांडायच्या. काहींनी सत्याग्रही व्हायचं, बाकीच्यांनी गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. खाली पडलेल्याने डोकं कसं झाकायचं, सोबत्याला मार बसत असेल तर मध्ये कसं पडायचं, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जाई. अहिंसा म्हणजे नुसता सोसण्याचा स्वभाव, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. तिथे ती अंगात मुरवावी लागली, पैलवान डाव मुरवतो तशी.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी ही मुलं काउंटरवर जाऊन बसली. ताठ बसायचं, काउंटरकडे तोंड करून, उलटून बोलायचं नाही. २७ तारखेला गोऱ्या टोळक्याने त्यांना मारलं आणि पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांनाच. एक तुकडी उचलली की दुसरी येऊन बसे. ५० डॉलर दंड झाला; मुलांनी तो भरला नाही, तुरुंग पत्करला. अशाच एका धरण्यात एकजण लॉसन यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्याने खरंच काढून दिला! तोंड पुसून लॉसन त्याच्याशी मोटारसायकलबद्दल बोलू लागले.

लॉसन जिथे शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या, लूबींच्या, घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता महापालिकेपर्यंत चालत गेले. पायऱ्यांवर २१ वर्षांच्या डायान नॅश या विद्यार्थिनी-नेत्याने महापौर बेन वेस्ट यांना समोरासमोर विचारलं: केवळ रंगावरून भेद करणं तुम्हाला चूक वाटतं का? महापौरांनी कबूल केलं, हो, चूक आहे. १० मे रोजी नॅशव्हिलच्या काउंटरांवर कृष्णवर्णीयांना पहिल्यांदा जेवण वाढलं गेलं.

पुढच्या वर्षी अलाबामात फ्रीडम रायडर्सची, म्हणजे बसमधला रंगभेद मोडायला गोरे-काळे एकत्र प्रवास करणाऱ्या सत्याग्रहींची, बस जाळली, पुढचा प्रवास थांबवायची वेळ आली. तेव्हा डायानने नॅशव्हिलमधून नवी तुकडी धाडली. विशी-बाविशीची पोरं ती! निघण्याआधी त्यांतल्या काहींनी आपली मृत्युपत्रं लिहिली होती; काहींनी, आपण मारले गेलो तर टपालात टाकायची म्हणून, बंद पत्रं तिच्या हाती दिली होती.