बिल थकलं आणि युद्ध पेटलं

नमस्कार श्रोतेहो. ऑनलाइन खेळात खेळाडूनं खेळाडूशीच भिडायचं, गेमर मंडळी ज्याला पीव्हीपी म्हणतात, त्याचं पुढे काय होणार? माझं मत आधीच सांगून टाकतो: पीव्हीपी टिकणार, पण ज्याला लढायचंय त्याच्यापुरतंच. मात्र एका खेळातल्या बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या सूर्यमालेतल्या लढाईची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

‘ईव्ह ऑनलाइन’ हा 2003 सालचा अंतराळातला खेळ. इथे तेव्हा इलाका ताब्यात ठेवायचा तर खेळातल्या पैशांत वेळच्या वेळी बिल भरावं लागायचं. जानेवारी 2014 मध्ये एका बलाढ्य आघाडीचं या सूर्यमालेचं बिल भरलंच गेलं नाही. मालकी गेली. आणि नेमका तिथेच त्यांचा मोठा तळ! शत्रूला सुगावा लागला, 27 तारखेला तो फौजफाटा घेऊन घुसला. टायटन म्हणजे या खेळातलं सगळ्यात अवाढव्य जहाज, एकेक बांधायला आठवडेच्या आठवडे लागतात. अशी 75 टायटन फुटली. हो, पंच्याहत्तर!

लढाई चालली सुमारे 21 तास, साडेसात हजारांवर खेळाडू त्यात उतरले. सर्व्हरवर इतका ताण आला की खेळाचं घड्याळच मंदावलं. एका सेकंदाचं काम दहा सेकंदांना. तोफेचं बटण दाबायचं आणि बार निघेपर्यंत हात चोळत बसायचं! नुकसान खऱ्या पैशांत मोजलं, तर ते 3 लाख डॉलरच्या घरात गेलं. एक थकलेलं बिल आणि 75 टायटन. ‘आपोआप भरलं जाईल’ असं कुणी म्हणालं की मी तरी पुन्हा एकदा तपासतो.

ही लढाई लोक अजून सांगतात, कारण तिथे जहाज गेलं म्हणजे गेलं. पण असा धोका सगळ्यांच्या गळी उतरवता येत नाही. 1997 च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये शहराबाहेर पाऊल टाकलं की कुणीही मारून लुटायचं. नवखे वैतागले. शेवटी 2000 साली त्या जगाचे दोन भाग झाले, आणि एका भागात संमतीशिवाय हल्ला बंद. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं 2018 साली ‘वॉर मोड’ आणला: हवं तर चालू करा, नको तर बंद. चालू ठेवलात तर बक्षीस जरा जास्त. म्हणून पुन्हा सांगतो, ज्याला लढायचंय त्याच्यापुरतंच. (पैसे मोजून तलवार धारदार करून देणारे खेळ मी यात धरतच नाही. ती लढाई नव्हे, लिलाव.)

खरी डोकेदुखी आहे चीटची. आपोआप नेम धरून देणारी सॉफ्टवेअरं रोखायला काही कंपन्या आपली पहारेकरी यंत्रणा थेट विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसवतात. एका खेळापायी अख्ख्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या द्यायच्या, हे मला पटत नाही. माझ्या ओळखीची पोरं मात्र बेधडक ‘इन्स्टॉल’ दाबतात आणि मॅच लावतात.